मशीन चालू आहे, पण काम चालू आहे का?

पुनावळे, ताथवडे, रावेत किंवा मोशीत नवी इमारत येणार हे शेजाऱ्यांना बिल्डरच्या फलकाआधी आवाजानं कळतं. वरची माती निघाली की खाली काळा पाषाण लागतो. दख्खनचा हा बेसॉल्ट पोकलेनच्या बकेटला दाद देत नाही. मग बकेट उतरवून त्याच आर्मला ब्रेकर जोडतात आणि ठोके सुरू होतात. दहावीचा अभ्यास करणाऱ्या मुलीला किंवा चाकणच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून सकाळी झोपायला आलेल्या कामगाराला तो आवाज म्हणजे निव्वळ छळ असतो. साइटवरचा जुना सुपरवायझर मात्र त्याच आवाजातून बरंच काही ओळखतो. ठोका भरीव येतोय म्हणजे दगड अजून घट्ट आहे. मध्येच तो मोकळा झाला म्हणजे चीर गेली. ठोके थांबले आणि इंजिन नुसतंच गुरगुरतंय, म्हणजे डंपर आलेला नाही किंवा ऑपरेटर फोनवर आहे. पत्र्याच्या ऑफिसात पाठमोरं बसूनही त्याला साइटवर काय चाललंय ते कळत असतं.

हा कान संगणकाला शिकवता येईल का, या प्रश्नावर गेल्या दहा वर्षांत जगात बरंच काम झालं आहे. मायक्रोफोन लावायचा, यंत्रांचे आवाज टिपायचे आणि कुठलं यंत्र कधी, किती वेळ आणि काय करत होतं याची नोंद आपोआप व्हायला हवी, अशी ही कल्पना. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्याला तिचं महत्त्व दोन बाजूंनी आहे. इथं बांधकामं चालू आहेत आणि ती करणारी यंत्रंही इथंच बनतात. तळेगावला जेसीबीचा कारखाना आहे, तर चाकणला ह्युंदाई आणि सानी यांची खोदयंत्रं तयार होतात. या यंत्रांची मराठी नावंही कंपन्यांवरूनच पडली. बॅकहो लोडर कुठल्याही कंपनीचा असो, त्याला जेसीबीच म्हणतात. पोकलेन हे मूळ एका फ्रेंच कंपनीचं नाव. तिच्या सहकार्यानं एल अँड टीनं भारतात खोदयंत्रं बनवली आणि नाव सगळ्या जातीला चिकटलं. डंपरला हायवा म्हणतात तेही टिपरचे हायड्रॉलिक जॅक बनवणाऱ्या एका डच कंपनीमुळे. नाव काहीही असो, साइटवरचा माणूस यातलं प्रत्येक यंत्र डोळे मिटून ओळखतो.

मुळात अशा नोंदीची गरज का पडावी? कारण जड यंत्रं बहुतेक भाड्यानं येतात आणि भाडं तासावर असतं. तास मोजण्याची जुनी पद्धत म्हणजे लॉगशीट. ऑपरेटर वेळ लिहितो, सुपरवायझर सही करतो, महिन्याच्या शेवटी दोघांच्या आकड्यांवरून वाद होतो. यंत्रावर अवर मीटर असतो, पण तो इंजिन चालू असल्याचे तास मोजतो. मशीन आयडलवर उभी राहिली तरी काटा पुढे सरकतो आणि डिझेलही जळतं. ठेकेदाराला खरा प्रश्न असतो तो वेगळाच: इंजिन चाललं, पण बकेट किती वेळा भरली?

याला आज दोन उत्तरं बाजारात आहेत. एक टेलिमॅटिक्स. जेसीबीची लाइव्हलिंक यंत्रणा मशीनची जागा, इंजिनाचे तास आणि बिघाडाचे इशारे मालकाच्या मोबाइलवर पाठवते, आणि इतर कंपन्यांकडेही अशा यंत्रणा आहेत. त्या उत्तम चालतात, पण नव्या मशीनवर आणि ज्याच्या त्याच्या कंपनीपुरत्याच. एका साइटवर चार मालकांची पाच मशीन असतात, त्यातली दोन पंधरा वर्षांची जुनी. मुख्य ठेकेदाराला सगळ्यांचं एकत्र चित्र मिळत नाही. दुसरं उत्तर कॅमेऱ्याचं. कॅमेऱ्याला पोकलेन दिसतं, पण समोर डंपर उभा राहिला, धूळ उडाली, अंधार पडला किंवा पाया तीन मजले खोल गेला की दिसणं थांबतं. आवाज कोपऱ्यावरून वळतो आणि त्याला उजेड लागत नाही. मायक्रोफोन कॅमेऱ्यापेक्षा स्वस्त पडतो आणि त्याची माहिती साठवायला जागाही कमी लागते. या विषयाकडे संशोधक वळले ते यामुळेच.

यंत्राच्या आवाजात नेमकं काय दडलेलं असतं हे थोडं खोलात जाऊन पाहण्यासारखं आहे. चार सिलिंडरचं, चार स्ट्रोकचं डिझेल इंजिन मिनिटाला १८०० फेरे घेत असेल तर प्रत्येक फेऱ्याला दोन सिलिंडर पेटतात, म्हणजे सेकंदाला ६० स्फोट. त्यामुळे ६० हर्ट्झचा एक खर्ज आवाजात कायम असतो. तेच इंजिन ९०० फेऱ्यांवर, आयडलला आलं की हा खर्ज ३० हर्ट्झवर उतरतो. बकेट दगडात रुतली की इंजिनावर ताण येतो, फेरे किंचित घसरतात, गव्हर्नर जादा डिझेल सोडतो आणि आवाज जड होतो. शिवाय हायड्रॉलिक पंपाचा स्वतःचा सूर असतो. नऊ पिस्टनचा पंप १८०० फेऱ्यांवर २७० हर्ट्झला गुणगुणतो. रिव्हर्स घेताना वाजणारा हॉर्न १००० हर्ट्झच्या आसपासचा, एकसुरी आणि ठरावीक अंतरानं तुटणारा. ब्रेकरचा ठोका क्षणभराचा, पण खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्या भरून टाकणारा. ठोके मिनिटाला ६०० पडत असतील तर सेकंदाला दहा.

संगणक हा आवाज मिलिसेकंदांच्या छोट्या तुकड्यांत कापतो. प्रत्येक तुकड्यात कुठल्या कंपनसंख्येला किती जोर आहे ते मोजून एक चित्र तयार करतो. त्याला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात: आडवा काळ, उभी कंपनसंख्या आणि रंगाच्या गडदपणात जोर. या चित्रात ब्रेकर म्हणजे शेजारी शेजारी मारलेल्या उभ्या रेघा, रिव्हर्स हॉर्न म्हणजे तुटक आडवी रेघ आणि आयडलवरचं इंजिन म्हणजे तळाशी पसरलेला सपाट पट्टा. डोळ्यांनाही फरक दिसतो इतकी ही चित्रं वेगळी असतात. पुढचं काम चित्रं ओळखायला शिकवण्याचं.

त्यातला एक महत्त्वाचा टप्पा २०१७ मध्ये आला. अमेरिकेत अब्बास रशिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खऱ्या साइटवरचे आवाज घेऊन यंत्राची हालचाल ओळखणारी पद्धत ‘ऑटोमेशन इन कन्स्ट्रक्शन’ या नियतकालिकात मांडली. आधी आवाज गाळायचा, मग त्याचं चित्र करायचं, ते वर्गीकरणाच्या गणिताला द्यायचं आणि शेवटी आजूबाजूच्या क्षणांशी ताडून चुका काढायच्या, असे तिचे टप्पे होते. शेवटचा टप्पा वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. दहा सेकंद खोदण्याचा आवाज, मध्ये अर्धा सेकंद ‘बंद’ आणि पुन्हा खोदणं असं उत्तर आलं तर तो अर्धा सेकंद चुकीचा आहे, हे साध्या व्यवहारज्ञानानं कळतं. तेच ज्ञान गणितात घातलं. पुढे २०१९ मध्ये याच गटानं मायक्रोफोनला कंपनमापकाची जोड दिली, आणि २०२० मध्ये आवाजावरून कामाच्या फेऱ्या मोजून उत्पादकतेचा अंदाज बांधण्याची पद्धत मांडली. पोकलेनचं काम चक्रात चालतं: खणणं, वळणं, ओतणं, परत येणं. एक चक्र साधारण पंधरा ते पंचवीस सेकंदांचं. चक्रं मोजली की बकेटी मोजल्या, आणि बकेटी मोजल्या की डंपर.

रोमच्या सापिएन्झा विद्यापीठातल्या मिकेले स्कार्पिनीती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये बांधकामावरची दहा प्रकारची यंत्रं आणि अवजारं आवाजावरून ओळखून दाखवली. त्यांच्या चाचणीत अचूकता ९८ टक्क्यांपर्यंत गेली. हा आकडा मोठा आहे, पण त्याकडे सावधपणे पाहायला हवं. ज्या आवाजांवर यंत्रणा शिकली त्याच साठ्यातल्या, पण न ऐकवलेल्या तुकड्यांवर ती तपासली जाते. त्याच यंत्रणेनं उद्या दुसऱ्या देशातल्या साइटवर, दुसऱ्या कंपनीच्या जुन्या मशीनपुढे तेवढेच गुण मिळवावेत अशी हमी त्या ९८ टक्क्यांत नसते.

शहराच्या पातळीवरचं मोठं उदाहरण न्यूयॉर्कचं. तिथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये ‘अर्बनसाउंड-८के’ हा आवाजांचा खुला साठा प्रसिद्ध केला. त्यात दहा प्रकारचे ८७३२ तुकडे आहेत, आणि दहांपैकी तीन प्रकार थेट आपल्या विषयाचे: ड्रिलिंग, जॅकहॅमर आणि उभ्या इंजिनाची घरघर. २०१६ मध्ये त्यांनी ‘सॉनिक’ हा प्रकल्प सुरू केला आणि शहरात ठिकठिकाणी आवाज ऐकणारी छोटी यंत्रं बसवली. पॅरिसच्या परिसरात ब्रुइपारिफ या संस्थेनं ‘मेड्यूझ’ नावाचं यंत्र बनवलं. त्यात चार मायक्रोफोन असतात. आवाजाला एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद लागतात, म्हणून चार ठिकाणी तो किंचित मागेपुढे पोचतो. त्या फरकावरून तो कुठल्या दिशेनं आला ते काढता येतं. बांधकामाच्या जागांवर ही यंत्रं लावली गेली आहेत.

हे सगळं जसंच्या तसं उचलून वाकडला लावलं तर काय होईल? बरंच फसेल. आपल्याकडची साइट पत्र्यांनी वेढलेली असते. पत्रे आवाज परत फेकतात, त्यामुळे एकाच ठोक्याचे तीन ठोके ऐकू येतात. जून ते सप्टेंबर पाऊस त्याच पत्र्यांवर वाजतो आणि मायक्रोफोनला दुसरं काही ऐकू देत नाही. शेजारच्या प्लॉटवर वेगळ्या बिल्डरचं पोकलेन चालू असतं. कुठलं आपलं आणि कुठलं परकं, हे एका मायक्रोफोनला कळत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो, पण सारखी दोन मशीन एकत्र चालली तर पातळी केवळ ३ डेसिबलनं वाढते. म्हणजे नुसत्या मोठेपणावरून दूर-जवळ किंवा एक-दोन काहीच ठरत नाही. त्यात गणपतीतले ढोल-ताशे, लग्नाच्या वराती आणि डीजे. तुकोबांची पालखी देहूहून निघाली की आकुर्डीला मुक्काम करते. त्या दिवसांत टाळ-मृदंगाच्या ठोक्यांना एखादी अमेरिकेत शिकलेली यंत्रणा काय समजेल, याचा आधी विचार करावा लागेल. यातली प्रत्येक अडचण सुटण्यासारखी आहे: दोन-तीन मायक्रोफोन, कंपनमापकाची जोड, वाऱ्यापासून आडोसा. पण सगळ्यांत आधी हवा तो इथलाच आवाज.

इथंच या पट्ट्याची ताकद उपयोगी पडू शकते. कोथरूडची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, १९६६ मध्ये स्थापन झाली आणि वाहनांची तपासणी करते. आवाज आणि कंपनं मोजण्याचा तिचा स्वतंत्र विभाग आहे आणि चाकणलाही तिचं केंद्र आहे. भोसरीला सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट आहे. वाहन कंपन्यांच्या संशोधन विभागांत आवाजाचं विश्लेषण रोजचं काम असलेले शेकडो इंजिनिअर याच शहरात राहतात. तरीही त्यांचं कौशल्य यंत्र शांत करण्यासाठी वापरलं जातं, साइट ऐकण्यासाठी नाही. खोदयंत्राचा आवाज मोजण्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाण, आयएसओ ६३९५, पाहिलं की फरक स्पष्ट होतो. त्यात यंत्राभोवती अर्धगोलावर मायक्रोफोन मांडतात आणि यंत्राला चर खणण्याची हालचाल करायला लावतात, पण माती न उचलता, हवेतच. तुलना करता यावी म्हणून हे योग्यच आहे. युरोपात २००० सालच्या निर्देशानुसार यंत्रांवर आवाजाचा हमी दिलेला आकडा चिकटवावा लागतो, त्यासाठी अशी एकसारखी पद्धत लागतेच. पण त्या आकड्यात दगड नसतो. मोशीच्या खाणीतला पाषाण फोडताना तेच यंत्र कसं वाजतं, हे साइटवर गेल्याशिवाय कळणार नाही.

आता रहिवाशांची बाजू. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सगळ्यांना डेसिबलमधून माहीत आहेत: निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५, औद्योगिक भागात दिवसा ७५ आणि रात्री ७०. २०१० मध्ये या नियमांत एक दुरुस्ती झाली. निवासी भागात आणि शांतता क्षेत्रात रात्री, म्हणजे १० ते सकाळी ६, आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवायची नाहीत. या वाक्याची रचना लक्ष देऊन वाचावी. त्यात डेसिबलचा आकडाच नाही. यंत्र चाललं की नाही, एवढाच प्रश्न आहे. डेसिबल मीटर या प्रश्नाचं उत्तर देऊ शकत नाही. रात्री साडेअकराला ७२ डेसिबल नोंदले गेले, तर ते महामार्गावरचे ट्रक होते, वरात होती की शेजारचा ब्रेकर? तक्रार घेऊन पोलीस चौकीत गेलेला माणूस याच ठिकाणी अडतो. गाडी येईपर्यंत मशीन थांबलेली असते आणि हातात पुरावा उरत नाही. ‘रात्री ११:१० ते १२:४०, ब्रेकर’ अशी नोंद करणारी यंत्रणा या कलमासाठीच बनवल्यासारखी आहे. या विषयाचा सर्वांत तातडीचा उपयोग हाच, ठेकेदाराच्या हिशेबापेक्षाही आधीचा.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं दक्षिण मुंबईत मेट्रो-३ च्या रात्रीच्या कामाला मनाई केली आणि २०१८ मध्ये अटींसह परवानगी दिली. रात्री काँक्रीटचे मिक्सर शहरात आणणं सोपं असतं, एकदा सुरू झालेला मोठा स्लॅब मध्ये थांबवता येत नाही, वाहतूक अडवणारी कामं दिवसा करणं कठीण. पिंपरीहून निगडीकडे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर मेट्रो वाढते आहे, तिथंही हे प्रश्न आहेतच. रात्री कोणतं काम चालेल आणि कोणतं नाही, हे यंत्राच्या प्रकारावर ठरवायचं असेल तर प्रकार ओळखणारी नोंद दोन्ही बाजूंना उपयोगी. काँक्रीट पंपाला परवानगी आणि ब्रेकरला बंदी अशी अट घालता येईल आणि ती पाळली गेली का तेही दिसेल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०११ पासून सात महानगरांत ७० ठिकाणी आवाज मोजणारं जाळं उभारलं. महाराष्ट्रातून त्यात मुंबई आहे. पण ते जाळं फक्त पातळी मोजतं, यंत्राचा प्रकार ओळखत नाही.

या सगळ्या चर्चेत ज्याचं नाव सर्वांत शेवटी येतं तो माणूस आवाजाच्या सर्वांत जवळ उभा असतो. ब्रेकरशेजारचा हेल्पर. ऑपरेटरला निदान केबिनची काच असते. कारखान्यांसाठीच्या आपल्या नियमांत ९० डेसिबलला आठ तासांची मर्यादा आहे आणि दर ५ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला दोन तास. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संशोधन संस्थेची शिफारस याहून कडक: ८५ ला आठ तास आणि दर ३ डेसिबलला निम्मी वेळ, त्या हिशेबानं १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटं. ऐकू येणं हळूहळू कमी होतं, दुखत नाही, आणि गावी परतलेल्या माणसाला त्याचं कारण कुणी विचारत नाही. कुठलं यंत्र किती वेळ चाललं ही नोंद हाती असेल तर त्याच्याजवळ उभ्या राहणाऱ्याची पाळी किती वेळानं बदलायची, हे रोज ठरवता येतं. यंत्रांच्या तासांचा हिशेब ठेवणाऱ्या माणसांनी ही एक ओळ त्याच कागदावर मांडायला हवी.

मायक्रोफोन लावला की माणसांचं बोलणंही टिपलं जातं, आणि ही भीती खरी आहे. साइटवर मजूर कुटुंबांसह राहतात. जेवणाच्या सुट्टीतलं बोलणं, मुकादमाबद्दलची कुरकुर, घरचा फोन हे सगळं मालकाच्या सर्व्हरवर जावं असं कुणालाच वाटणार नाही. यावर तोडगे आहेत. न्यूयॉर्कच्या प्रकल्पात सलग ध्वनिमुद्रण न करता अधूनमधून दहा सेकंदांचे तुकडे घेतले आणि ते कुलूपबंद स्वरूपात साठवले. त्याहून बरा मार्ग म्हणजे ओळखण्याचं काम मायक्रोफोनच्या डबीतच उरकणं. आवाज तिथंच पुसला जातो, बाहेर जातो फक्त शब्द: ‘पोकलेन, खोदकाम, १४ मिनिटं.’ डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. साइटवर कान बसवणाऱ्यानं आधी मजुरांना त्यांच्या भाषेत सांगायला हवं की हा कान काय ऐकतो आणि काय विसरतो. हे सांगायला वेळ लागत नाही, इच्छा लागते.

आज या पट्ट्यात कमी आहे ती एकच गोष्ट, आणि ती महाग नाही. इथल्या यंत्रांच्या आवाजांचा खुला, नीट नोंदवलेला साठा. नवं जेसीबी आणि पंधरा वर्षं चाललेलं, सायलेन्सर फुटलेलं जेसीबी. मुरमात रुतणारी बकेट आणि बेसॉल्टवर घासणारी बकेट. ट्रान्झिट मिक्सर रिकामा फिरताना आणि भरलेला फिरताना, बूम पंपाचा ढकलण्याचा ताल, स्लॅबवरच्या व्हायब्रेटरची किणकिण, हायड्रा क्रेनचं कण्हणं. हे सगळं उन्हाळ्यात, पावसात, पत्र्याच्या आत आणि बाहेर, पाच, वीस आणि पन्नास मीटरवरून. प्रत्येक तुकड्याला यंत्राचं नाव, काम, अंतर आणि जमीन कुठली ते लिहिलेलं. इंजिनिअरिंग कॉलेजातल्या चार मुलांना एक पावसाळा आणि एक उन्हाळा पुरेल असं हे काम आहे, आणि चुका दुरुस्त करायला कुणी लागलं तर वीस वर्षं पोकलेन चालवलेला ऑपरेटर त्यांना कुठल्याही चहाच्या टपरीवर भेटेल. सुरुवात ब्रेकरपासून करावी, मोशीच्या दगडावर.